दारापुढचं वेल्डिंग आणि घरातला कूलर

मे महिन्यात उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत आम्ही बीपी-शुगरच्या तपासणीला बसलो होतो. पन्नाशीची एक बाई आली. बीपीसाठी डावा हात पुढे केला आणि उजवा पदराखालीच ठेवला. आम्ही दोनदा मागितला तेव्हा दाखवला. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या टोकावर पांढरट, कडक झालेले दोन डाग होते, मसुरीच्या डाळीएवढे. नर्सिंगची नोकरी केलेल्या माणसाला असा डाग ओळखायला वेळ लागत नाही. हा विजेचा चटका होता.

"कूलरनं धरलं मले, सिस्टर. चार दिवस झाले. पोरीनं पिन काढली म्हणून सुटली."

कूलर दोनदा दाखवून झाला होता. पंप बदलला, मोटर तपासली, टेस्टर लावून पाहिला. मिस्त्री म्हणाला, कूलर चांगला आहे. तरी अधूनमधून झणझण लागायचीच. आम्ही विचारलं, कधी लागते? बाईने विचार केला आणि म्हणाली, सकाळी नाही लागत. पोराचं मशीन चालू असलं की लागते.

पोराने आयटीआयला वेल्डरचा एक वर्षाचा कोर्स केला, दोन वर्षं दुसऱ्याकडे हजेरीवर राबला, मग महामंडळाचं कर्ज काढून स्वतःचं मशीन घेतलं. आता घराच्या दारापुढे टिनाचं शेड टाकून खिडक्यांच्या ग्रिल, गेट आणि कूलरचे स्टँड बनवतो. काम चांगलं आहे, हात सफाईदार आहे. त्याला स्वतःला कधीच करंट लागला नव्हता, कारण तो बूट घालून लाकडी पाटीवर बसायचा. आई मात्र अनवाणी पायाने, ओल्या फरशीवर उभी राहून कूलरमध्ये पाणी भरायची.

घडलं ते असं. मशीनच्या आत लोखंडाचा बारीक कीस साचला होता आणि त्यातून वीज मशीनच्या पत्र्यावर उतरत होती. मशीनच्या तीन पिनांच्या प्लगमधली जाडी पिन घराच्या अर्थिंगच्या हिरव्या तारेला जोडलेली होती. कूलरची जाडी पिनही त्याच हिरव्या तारेला. आणि ती हिरवी तार बोर्डातून निघून भिंतीतल्या एका खिळ्याला गुंडाळून संपत होती. जमिनीत कुठेच गेली नव्हती. त्यामुळे मशीनच्या पत्र्यावर आलेली वीज हिरव्या तारेवरून थेट कूलरच्या पत्र्यावर जात होती. कूलरमध्ये काहीच बिघाड नव्हता. अर्थिंग असल्याचं नुसतं नाटक होतं, आणि नसलेल्या अर्थिंगपेक्षा ते जास्त घातक ठरलं, कारण एका वस्तूचा दोष त्याने घरातल्या सगळ्या लोखंडी वस्तूंना वाटून दिला.

हे आरोग्याचं पान आहे, इथे तारा आणि स्विचचं काय काम, असं कोणाला वाटेल. पण वॉर्डात आम्ही विजेचे रुग्ण पाहिले आहेत, आणि आलेल्यांपेक्षा न पोचलेले जास्त असतात. आपल्या वस्त्यांमध्ये दर दुसऱ्या-तिसऱ्या गल्लीत एक वेल्डिंगचं शेड आहे. हा धंदा पोरांनी बंद करावा असं आम्ही अजिबात म्हणत नाही. पण मशीनवर जेवढा पैसा टाकला त्याचा एक हिस्सा तारेवर, स्विचवर आणि अर्थिंगवर टाकला पाहिजे. कर्जाचं कोटेशन काढतानाच त्यात वायरिंगचा खर्च धरा. नंतर पैसे उरत नाहीत, हे आम्ही घरोघरी पाहतो.

मशीन किती वीज ओढतं

वेल्डिंग मशीनवर '२०० अँपिअर' लिहिलेलं असतं. तो आकडा रॉडकडे जाणाऱ्या करंटचा. घराच्या तारेतून येणारा करंट वेगळा असतो आणि आपल्याला काळजी त्याची. दहा नंबरच्या रॉडला साधारण १०० अँपिअरवर काम चालतं. तेव्हा चांगलं इन्व्हर्टर मशीन घराच्या २३० व्होल्टच्या लाइनमधून १८ ते २० अँपिअर ओढतं. १३० अँपिअरवर नेलं तर २५च्या आसपास. जुनं ट्रान्सफॉर्मरचं जड मशीन त्याच १०० अँपिअरच्या कामाला ३५ अँपिअर घेतं. म्हणून ते सुरू झालं की गल्लीतले दिवे मंदावतात, शेजाऱ्याचा टीव्ही बंद पडतो आणि भांडण पेटतं. एका फेजवर काम करायचं असेल तर इन्व्हर्टर मशीनच घ्यावं. जुना ट्रान्सफॉर्मर स्वस्तात मिळतो, तारेला आणि शेजाराला महाग पडतो.

आता घराकडे बघा. दिव्यांना आणि पंख्याला आपल्याकडे एक किंवा दीड चौरस मिलिमीटरची तार असते. पॉवर पॉइंटला असली तर अडीचची. त्या पॉवर पॉइंटमधून मशीन चालवायचं म्हणजे तार रोज तिच्या ताकदीच्या काठावर ठेवायची. त्याहून वाईट सवय एक्स्टेन्शन बोर्डाची. बाजारात मिळणारी एक चौरस मिलिमीटरची लवचीक तार तीस मीटर टाकली आणि तिच्यातून १८ अँपिअर नेले, तर तारेतच १९ व्होल्ट खर्ची पडतात आणि साडेतीनशे वॅट उष्णता तयार होते. उन्हाळ्यात संध्याकाळी मुळात दाब कमी, त्यातून आणखी १९ गेले की रॉड चिकटतो. पोरगा म्हणतो मशीन खराब. मशीन जास्त करंट ओढतं आणि तार आणखी तापते. तीच तार गुंडाळून ठेवलेली असली तर उष्णतेला बाहेर पडायला वाव मिळत नाही, आतलं प्लास्टिक वितळतं आणि दोन तारा एकमेकींना लागतात. त्या जागी चार चौरस मिलिमीटरची तार असेल तर पाचच व्होल्ट जातात आणि ८५ वॅट उष्णता निघते. म्हणून तार लागेल तेवढीच लांब, जाड, आणि वापरताना पूर्ण उलगडलेली ठेवावी.

आमचा सल्ला असा. मीटरपासून मशीनच्या जागेपर्यंत तांब्याची सहा चौरस मिलिमीटरची स्वतंत्र लाइन ओढून घ्या, मध्ये जोड नको. तारेवर आयएसआयची खूण बघा. ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेला पीळ मारून, वर टेप गुंडाळून दिलेला जोड हा आपल्या वस्त्यांतला जुना रोग आहे. दोन धातू वेगवेगळे फुगतात, जोड सैल होतो, ठिणग्या पडतात आणि पावसात गंजतो. टोकाला साधं सॉकेट नको. ३२ अँपिअरचा निळा इंडस्ट्रियल प्लग आणि सॉकेट मिळतं ते बसवा. साध्या सोळा अँपिअरच्या सॉकेटच्या पाकळ्या वेल्डिंगच्या करंटने काळ्या पडतात, सैल होतात, मग पोरं आगपेटीची काडी खोचून पिन घट्ट करतात. ही काडी आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे.

एमसीबी माणसाला वाचवत नाही

याबाबतीत मोठा गैरसमज आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बोर्डात एमसीबी बसवला की लोकांना वाटतं आता कोणाला शॉक लागणार नाही. एमसीबीचं काम तार वाचवणं. ३२ अँपिअरचा एमसीबी ३२च्या वर करंट गेला तरच पडायचा विचार करतो. माणसाच्या छातीतून ओल्या हाताने ०.०३ ते ०.१ अँपिअर गेला तरी हृदय थांबू शकतं. ०.०१ अँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आवळले जातात आणि माणसाला धरलेली वस्तू सोडता येत नाही. 'धरलं' असं आपण म्हणतो ते यामुळेच. एमसीबीच्या हिशेबात हा करंट म्हणजे काहीच नाही. माणूस चिकटून राहील आणि एमसीबी शांत बसेल.

बरं, एमसीबी पडतो म्हणून सोळाचा काढून ३२चा बसवणं, ही तर आग लावण्याची तयारी. एमसीबी तारेच्या हिशेबाने असतो. सहाची स्वतंत्र तार असेल तरच ३२. मशीन चालू होताना क्षणभर झटका घेतं, म्हणून सी प्रकारचा एमसीबी मागावा. घरगुती बी प्रकारचा उगाच पडत राहतो.

माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. दुकानात सगळे त्याला ईएलसीबीच म्हणतात, तसं मागितलं तरी मिळेल, पण त्यावर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं बघून घ्या. १०० किंवा ३०० लिहिलेला माणसासाठी नसतो. हा डबा फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट सतत ताडून पाहतो. दोन्हीत ०.०३ अँपिअरचा फरक आला, म्हणजे वीज दुसऱ्याच वाटेने, कदाचित एखाद्या आईच्या अंगातून, जमिनीत चालली आहे असं धरून डोळ्याची पापणी लवायच्या आत लाइन तोडतो. ४० अँपिअरचा, दोन पोलचा, दोन हजाराच्या आसपास येतो. कूलर, मशीन, ग्राइंडर, सगळं त्याच्या मागे असावं. त्यावर एक बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. खटकन पडला तर जिवंत आहे. पडला नाही तर तो नुसता शोभेचा डबा आहे, बदला.

नवीन बसवल्यावर तो वारंवार पडतो आणि मग मिस्त्री म्हणतो, काढून टाकू, धंदा खोळंबतो. तो पडतो आहे याचा अर्थ घरात कुठेतरी वीज झिरपते आहे. एकेक वस्तू काढून पाहा, कोणती वस्तू लावली की पडतो ते सापडेल. आमच्या या घरात मशीन लावलं रे लावलं की पडायचा. मशीन उघडून आतला कीस हवेने झटकला तेव्हा थांबला. ग्राइंडरचा कीस मशीनच्या पंख्यात ओढला जातो, म्हणून दोघांना शेजारी ठेवू नये. साफसफाई प्लग काढून आणि वर पाच मिनिटं थांबून करावी, कारण इन्व्हर्टर मशीनच्या आत प्लग काढल्यावरही थोडा वेळ वीज साठून राहते.

आरसीसीबीची मर्यादाही सांगितली पाहिजे. मशीनच्या पुढच्या बाजूने, म्हणजे होल्डरकडून शॉक लागला तर तो पडत नाही. ती बाजू मशीनच्या आत घराच्या लाइनपासून वेगळी केलेली असते. होल्डरवर काम थांबलेलं असतानाही पन्नास ते ऐंशी-नव्वद व्होल्ट असतात. कोरड्या माणसाला ते जाणवत नाहीत. पण नागपूरच्या उन्हाळ्यात घामाने भिजलेला पोरगा लोखंडी गेटच्या चौकटीत बसून उघड्या हाताने रॉड बदलतो तेव्हा तेवढे पुरतात. म्हणून कोरडे चामडी हातमोजे, एक ओला झाला की दुसरा घालायला अशी जोडी. बुडाला भोक नसलेले बूट. खाली कोरडी लाकडी पाटी किंवा रबर. होल्डरचं प्लास्टिक फुटलं की त्याच दिवशी नवा घ्यावा. रॉड काखेत धरून केबल ओढण्याची सवय आम्हाला फार खटकते, छातीला अगदी लागून.

दोन अर्थिंग, एकच नाव

वेल्डर मंडळी मशीनच्या दुसऱ्या केबलला 'अर्थिंग' म्हणतात, ज्याच्या टोकाला चिमटा असतो आणि तो जॉबला लावतात. ते अर्थिंग नाही. ती वेल्डिंगच्या करंटची परतीची वाट आहे. घराचं अर्थिंग वेगळं, ते जमिनीत जातं आणि त्यातून एरवी काहीच वाहायला नको. नाव एक असल्यामुळे दोन्हींची सरमिसळ होते. चिमटा कामावर लावायचा कंटाळा म्हणून तो शेडच्या खांबाला, घराच्या सळईला, नाहीतर सरळ अर्थिंगच्या पाइपला लावून देतात. 'लोखंड लोखंडाला भिडलेलंच आहे.' मग शंभर अँपिअरचा करंट परत मशीनकडे यायला मिळेल ती वाट शोधतो. ती वाट घराची बारीक हिरवी तार असली तर ती जळते, आणि जळल्याचं कोणाला कळत नाही, कारण दिवे-पंखे चालूच राहतात. त्या दिवसापासून सगळं घर अर्थिंगविना. म्हणून चिमटा जॉबलाच लावा, वेल्डच्या शक्य तितक्या जवळ, रंग आणि गंज घासून.

आता खरं अर्थिंग. प्लगमधली जाडी पिन न्यूट्रलला जोडून देणारे मिस्त्री अजून आहेत. खांबावर न्यूट्रल तुटला किंवा फेज-न्यूट्रल उलटे झाले की सगळ्या वस्तूंचा पत्रा २३० व्होल्टवर येतो. हे काम करणाऱ्याला पैसे देऊ नका. पाण्याच्या नळाला जोडणंही आता कामाचं नाही, पुढे पाइप प्लास्टिकचा असतो.

अर्थिंगसाठी साधारण अडीच मीटर लांबीचा, चाळीस मिलिमीटर जाडीचा जीआय पाइप जमिनीत उभा गाडतात, भोवती कोळसा आणि मीठ भरतात आणि वर पाणी ओतायला नरसाळं ठेवतात. वस्तीत खड्डा खणायला जागा कुठे, हा प्रश्न खरा आहे. पण तीन मीटरचा तांब्याचा मुलामा असलेला रॉड ठोकून बसवायचा असेल तर भिंत आणि नालीच्या मधली वीतभर जागा पुरते. दोन-तीन घरांनी मिळून एक चांगलं अर्थिंग केलं तरी चालतं, मात्र प्रत्येक घरातून हिरवी तार सलग त्यापर्यंत गेली पाहिजे. मे महिन्यात आपली काळी माती भेगाळते, पाइप मातीपासून सुटतो आणि अर्थिंग निकामी होतं. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी टाकावं. नालीचं वापरलेलं पाणीही चालेल.

अर्थिंग तपासायला मिस्त्री फेज आणि अर्थमध्ये शंभराचा बल्ब लावून दाखवतो. लख्ख पेटला की म्हणतो, एक नंबर. इथे थोडं गणित करा. शंभराचा बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही. अर्थिंगला वीस ओहमचा अडथळा असला तरी बल्ब लख्खच पेटणार. पण मशीनच्या पत्र्यावर फेज आला तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर जमिनीत जातील. ३२चा एमसीबी त्याला जुमानणार नाही आणि पत्रा जिवंतच राहील. म्हणून अर्थिंग केलं तरी आरसीसीबी लागतो आणि आरसीसीबी लावला तरी अर्थिंग लागतं. अर्थिंग मोजायचं यंत्र असतं, मिस्त्रीला ते घेऊन यायला सांगा आणि आकडा कागदावर लिहून घ्या. परवानाधारक ठेकेदार असेल तर त्याला हे नवीन सांगावं लागत नाही.

मीटरचा प्रश्न

घराचा मंजूर भार बहुतेक वेळा एक-दीड किलोवॅट असतो. एकटं मशीन तीन किलोवॅटच्या वर जातं. शिवाय घरगुती मीटरवर धंदा चालवणं वीज कायदा २००३च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकतं. दुप्पट दराने आकारणी होते आणि कधीपासून चाललं आहे ते ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची. आकडा टाकला तर कलम १३५, वीजचोरी, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आकड्याच्या लाइनला एमसीबी नसतो, अर्थिंग नसतं, फेज कुठला याचा भरवसा नसतो. कायद्यापेक्षा आम्हाला भीती त्याची आहे.

पण ही बाजूही सांगितली पाहिजे की आपली पोरं हौसेने आकडा टाकत नाहीत. कार्यालयात गेलं की 'जागेचे कागद आणा' म्हणून परत पाठवतात. एका पोरासोबत आम्ही स्वतः तीन चकरा मारल्या, तिन्ही वेळेला टेबल वेगळं आणि कागद वेगळा. तेव्हा हे पाठ करून जा: कलम ४३ प्रमाणे जागेच्या मालकाला जसा, तसाच भोगवटादारालाही वीज मागण्याचा हक्क आहे. पूर्ण अर्ज दिल्यावर महिन्याच्या आत पुरवठा देणं बंधनकारक आहे आणि नंतरच्या नियमांनी ही मुदत आणखी कमी केली आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. भार वाढवण्याचा अर्ज, धंद्याचा दर, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, एवढं जोडा. दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल. मंचापुढे वकील लागत नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते तेव्हा वीज हा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता, आणि देशाच्या विजेचं नियोजन करणारं केंद्रीय तांत्रिक मंडळ १९४४ साली त्यांच्याच काळात उभं राहिलं. मीटरसाठी रांगेत उभं असताना हे आठवायला हरकत नाही.

शॉक लागला तर

पहिलं काम हात न लावणं. आई धावत जाऊन पोराला मिठी मारते आणि दोघं जातात. मेन स्विच बंद करा किंवा प्लग ओढा. म्हणून मेन स्विच कुठे आहे ते घरातल्या दहा वर्षांच्या मुलालाही माहीत हवं आणि त्याच्यापुढे सिलिंडर किंवा पेट्या रचू नयेत. स्विच सापडत नसेल तर स्वतः कोरड्या लाकडावर उभं राहून कोरड्या काठीने तार दूर सारा. खांबावरची तार पडलेली असेल तर जवळ जाऊ नका, १९१२वर फोन करून लाइन बंद करायला सांगा.

माणूस सुटला की हाक मारा, खांदा हलवा. उत्तर नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके आहेत, तर एकाने १०८ला फोन लावावा आणि दुसऱ्याने त्याच क्षणी छाती दाबायला घ्यावी. उताणं, कडक जमिनीवर. छातीच्या मधोमध एका तळहातावर दुसरा ठेवून, कोपर ताठ ठेवून, पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दमलात तर हात बदला, पण थांबू नका. विजेने थांबलेलं हृदय तरुण आणि निरोगी असतं, ते परत सुरू होऊ शकतं. आणि त्याला वाळूत किंवा मातीत गळ्यापर्यंत गाडणं, ही आपल्याकडची पद्धत कृपा करून सोडा. मातीने वीज 'ओढली' जात नाही, तोपर्यंत अंगात वीज उरलेलीच नसते. त्या दहा मिनिटांत मेंदू मरतो.

शुद्धीवर असला आणि 'काही नाही झालं' म्हणत असला तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढावा, विशेषतः शॉक एका हातातून दुसऱ्या हातात गेला असेल, छाती धडधडत असेल किंवा बाई गरोदर असेल तर. विजेचा चटका बाहेरून डाळीएवढा दिसतो आणि आत स्नायू शिजलेला असतो. त्यावर टूथपेस्ट, शाई, तूप काही लावू नये, स्वच्छ कापड गुंडाळावं. दोन दिवस लघवीकडे लक्ष ठेवा. काळ्या चहासारखी झाली तर मेलेल्या स्नायूचा अंश मूत्रपिंडात अडकतो आहे, तासभरही थांबू नका. कूलरवाल्या बाईची लघवी साफ होती, ईसीजी ठीक आला. तिच्या बोटांना अजून सुई धरवत नाही.

डोळ्यांबद्दल थोडक्यात. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं तो आर्कच्या अतिनील किरणांचा भाजणं. बटाटा, दूध, बाळंतिणीचं दूध, काही घालू नये. बधिर करणारे थेंब दुकानातून आणून पुन्हा पुन्हा टाकले तर बुबुळाला जखम होते. थंड पाण्याच्या पट्ट्या, अंधार, एखादी दुखणं कमी करणारी गोळी, आणि एक-दोन दिवसांत उतरलं नाही तर नेत्रतज्ज्ञ. काळी काच दहा किंवा अकरा नंबरची हवी, गॉगल चालत नाही. शेडला गल्लीच्या बाजूने जाड पडदा लावा, पोरं कुतूहलाने बघतात. धुराने कर्करोग होऊ शकतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१७ साली पक्कं ठरवलं आहे, त्यावर वेगळं लिहू. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर काम केल्यावर रात्री थंडी वाजून ताप येतो तो जस्ताच्या धुराचा. दूध-गुळाने तो टळत नाही, वारा खेळता ठेवून आणि वेल्डच्या जागेचा मुलामा आधी घासून टाकून टळतो. आणि ज्याच्या छातीत पेसमेकर बसवला आहे अशा आजोबांना मशीनजवळ बसवू नये.

शेवटची गोष्ट पैशाची आहे. खांबावरच्या लाइनच्या दोषाने अपघात झाला तर विद्युत निरीक्षकाची चौकशी होते आणि वीज कंपनीकडून भरपाई मागता येते. शेडच्या आतल्या दोषाने झाला तर कोणी काही देत नाही, आणि स्वतःचा धंदा असलेल्याला कामगार विमाही नसतो. बँकेत खातं असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अर्ज भरून द्या. वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला एक लाख. विजेचा अपघात यात बसतो, पोलिसांकडे नोंद आणि दवाखान्याचे कागद मात्र लागतात. वर्ष १ जूनला सुरू होतं, त्याआधी मेच्या शेवटी खात्यात वीस रुपये शिल्लक आहेत का ते बघून घ्या.